समुद्र (मार्गे कारंजा घाडगे)

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) या तालुक्याच्या गावातून सागरी परिसंस्थाशास्त्राकडे आणि शाश्वत मत्स्यसंवर्धनाच्या संशोधनाकडे जाणारी वाट दुर्मिळ आहे, पण आहे. गाव नागपूर–अमरावती महामार्गावर, नागपूरपासून 75 ते 80 किलोमीटरवर. नकाशावर पट्टी ठेवली तर पश्चिमेला अरबी समुद्र सुमारे 600 किलोमीटर भरतो आणि आग्नेयेला बंगालचा उपसागरही साधारण तेवढाच. समुद्रापासून लांब राहण्याच्या बाबतीत गावाने दोन्ही बाजूंना सारखाच न्याय दिला आहे. इथे संत्रा होतो, कापूस, तूर, सोयाबीन होते, गवळाऊ जातीची पांढरी गुरे होतात. सागरी शास्त्रज्ञ आपोआप होत नाहीत. ते करावे लागतात.

पाण्याची गोष्ट वेगळी. तालुक्यातील कार नदीचे पाणी वर्धा नदीला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. हा मार्ग सगळा उताराचा आहे. त्याला प्रवेशपरीक्षा नाही, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागत नाही, आणि तहसील कार्यालयात एकही चक्कर न मारता कारंज्याचे पाणी दर पावसाळ्यात समुद्राला पोचते. विद्यार्थी मात्र नेमका उलट्या दिशेने, मुंबईकडे निघतो, कारण शिष्यवृत्ती त्या बाजूला असते.

या भागातील मुलाची समुद्राशी पहिली भेट आठवडी बाजारात होते. भाजी, मसाले आणि बांगड्या यांच्यापासून सभ्य अंतर राखून, वारा जिकडे जातो त्या टोकाला, एका पोत्यावर सुके बोंबील, सुकट आणि वाळलेले झिंगे मांडलेले असतात. बोंबील ताठ वाळलेला आणि तोंड वासलेला. एखादा नव्हे, झाडून सगळे तोंड वासलेले, हे चौकस पोराच्या लक्षात येते.

“मावशी, याचं तोंड कावून उघडं आहे?”

“भाव आयकून,” मावशी तराजूवरची नजर न हटवता सांगते.

खरे कारण कळायला वर्सोव्याचा किनारा गाठावा लागतो. ताजा बोंबील इतका मऊ आणि पाणीदार असतो की तो पसरून वाळवण्याऐवजी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टांगतात. आत वळलेले दात तिथे कामी येतात, आणि तोंड उघडे ते उघडेच राहते. शास्त्राच्या दृष्टीने मावशीचे उत्तर चूक आहे. पण बोंबलाचा आजचा भाव पाहता ते पूर्णपणे खोडून काढण्याइतका पुरावाही अद्याप पुढे आलेला नाही.

विद्यार्थ्याचे घर माळकरी असण्याची शक्यता बरीच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी याच महामार्गावर पुढे अमरावतीच्या बाजूला आहे. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि अंड्यालाही उंबरा न ओलांडू देणारे स्वयंपाकघर, दोन्हींची या परिसरात पक्की परंपरा. अशा घरातला मुलगा मासळीच्या शास्त्राकडे वळतो तो समुद्राच्या ओढीने नव्हे, तर गुणपत्रिकेच्या रेट्याने. बारावी सायन्सनंतर एमबीबीएस हुकते, मग बीडीएस आणि बीएएमएस हुकते, मग पशुवैद्यक थोडक्यात हुकते, आणि त्याच विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पुढच्या पानावर मत्स्यविज्ञान असते. पान उलटले जाते. बऱ्याच थोर शास्त्रीय कारकिर्दींची सुरुवात अशी पान उलटून झाली असावी. चरित्रात मात्र ‘लहानपणापासूनच पाण्याचे आकर्षण’ असे लिहिण्याची पद्धत आहे.

गावाला ही बातमी पानठेल्यावर कळते.

“काय शिकून राहिला म्हने पोट्टा?”

“फिशरी सायन्स.”

“मंजे मासोया धराचं?”

“धरायचं नाही काका, वाढवायचं.”

“मंग धराले कोन येते?”

हा शेवटचा प्रश्न वाटतो तेवढा अडाणी नाही. तळ्यातील माल कधी काढायचा, कोण काढणार आणि कोण विकत घेणार यावरच जगभरातील मत्स्यसंवर्धनाचे प्रकल्प तरतात किंवा बुडतात. पुढे एका जाड इंग्रजी ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात विद्यार्थ्याला तोच प्रश्न भेटतो. फरक इतकाच की तिथे त्याच्यासोबत चुना मिळत नाही.

ज्या विद्यापीठात त्याचा प्रवेश होतो ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ 2000 साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपुरात, फुटाळा तलावाच्या रस्त्यावर आहे. राज्याला 720 किलोमीटरचा किनारा असताना मासळीचे विद्यापीठ फुटाळ्यावर का, हा प्रश्न कोकणात मोठ्या आवाजात विचारला जातो. विदर्भाला तो पडत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत, आणि ढीवर समाज त्यांत पिढ्यान् पिढ्या मासेमारी करत आला आहे, त्यासाठी त्याला कुणी माहितीपुस्तिका दिली नव्हती. रत्नागिरीजवळ शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे, पण ते कोकण कृषी विद्यापीठाचे. मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मत्स्य महाविद्यालये नागपूरला आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला. लातूर शहराला 2016 साली प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावे लागले होते. पाण्याचे महत्त्व विद्यार्थ्याच्या मनावर ठसवायचे असेल तर याहून चांगली जागा निवडता आली नसती.

पदवीच्या चार वर्षांत रोहू, कटला आणि मृगळ यांच्याशी घरोबा होतो. मत्स्यजिरे म्हणजे काय, बोटुकली कधी म्हणायचे, तळ्याला चुना किती मारायचा, हे सगळे येते. समुद्र मात्र पडद्यावर दिसतो, आणि नेमकी वीज गेली की ओहोटी लागते. तो प्रत्यक्ष भेटतो अभ्यासदौऱ्यात. या प्रसंगी वापरली जाणारी निरीक्षणपद्धती कुठल्याही पुस्तकात नाही, तरी ती सार्वत्रिक आहे: विदर्भातून प्रथमच समुद्रावर आलेला प्रत्येक माणूस, वय, शिक्षण आणि हुद्दा न पाहता, वाकून पाण्यात बोट बुडवतो, चाटतो आणि मागच्यांना कळवतो, “खरंच खारट आहे बे!” मागचे त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. प्रत्येकजण स्वतंत्रपणे प्रयोग करून त्याच निष्कर्षाला येतो. प्रयोगाची अशी पुनरावृत्ती पुढे मोठ्या प्रयोगशाळांतही पाहायला मिळत नाही. नंतर सर रिफ्रॅक्टोमीटर काढतात, त्याच्या काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवतात, झाकण मिटतात आणि नळी उजेडाकडे धरून बघायला सांगतात. आत निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा 35 च्या आसपास थांबलेली असते: एक किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार. हा आकडा विद्यार्थी वहीत लिहितो आणि रात्री घरी फोनवर सांगतो. “35 पैकी किती?” असे घरचे विचारतात.

पदव्युत्तर शिक्षणासाठी अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. ती पार पडली की वर्सोवा. तिथली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961 साली सुरू झाली आणि 1989 पासून अभिमत विद्यापीठ आहे. देशभरची मुले तिथे येतात, आणि मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात वैदर्भीय विद्यार्थ्याची ओळख पटते.

“तू फिश घेत नाहीस?”

“घरी चालत नाही.”

“मग एमएफएससी?”

“ते चालतं.”

बंगालचा मुलगा ही हकीकत आपल्या आईला फोनवर सांगतो आणि ती माउली ओळखदेख नसलेल्या या पोरासाठी हळहळते. पुढे दोनच फाटे दिसतात. काही विद्यार्थी पदवीपर्यंत वांग्यावर तग धरतात. काहींच्या ताटात ‘अभ्यासासाठी’ म्हणून एक तुकडी येते, मग अभ्यास वाढतो. घरी गेल्यावर हा अभ्यास गोपनीय ठेवतात.

लॅटिन नावे तोंडपाठ असणे आणि मासळी ओळखता येणे या दोन भिन्न विद्या आहेत, हे वर्सोव्याच्या बाजारात उघड होते. ज्या माशावर परिसंवादात वीस मिनिटे बोलून टाळ्या मिळवल्या तो टोपलीत समोर पडलेला असतो आणि ओळखू येत नाही. “लेट्स कॅल्कॅरिफर आहे का?” असे विचारल्यावर कोळीण त्याला आपादमस्तक न्याहाळते. “इंग्रजी म्हावरा हाटेलात मिलंल.” तिने ज्यावर हात ठेवलेला असतो तो जिताडाच असतो. रायगड जिल्ह्यात, अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात, घरामागच्या तळ्यात जिताडा पाळणारी कुटुंबे फार पूर्वीपासून आहेत. खाडीतून आलेली पिल्ले तळ्यात सोडायची, वर्ष-दोन वर्षे धीर धरायचा आणि लग्नकार्याला किंवा मोठ्या साहेबाला भेट म्हणून काढायचा, हे ‘निमखाऱ्या पाण्यातील विस्तृत संवर्धन’ तिथल्या आज्यांनी कसल्याही अनुदानाशिवाय केलेले आहे.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली की भरती-ओहोटीशी गाठ पडते. समुद्र सुट्टीचा वार पाळत नाही आणि घड्याळही पाळत नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. हे गणित शहरी विद्यार्थी मोबाइलवर करतो. कोकणात त्यासाठी तिथी पुरते: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पुनवेला सव्वाअकराच्या पुढेमागे. आजी भिंतीवरच्या कालनिर्णयात संकष्टीचा चंद्रोदय पाहते, नातू आता त्याच चौकटीत ओहोटी पाहू लागतो, आणि नातू धार्मिक झाला म्हणून घरात समाधान पसरते. वाईट भाग असा की पुनव-अवसेच्या उधाणाला, जेव्हा पाणी सर्वांत मागे हटते आणि खडकांवरचे जीव उघडे पडतात, तेव्हा मुंबईकडे ती ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. संध्याकाळी मोजायला उजेड पुरत नाही. म्हणून सागरी परिसंस्थाशास्त्र हे मुख्यतः पहाटे साडेचारला उठण्याचे शास्त्र आहे. समुद्राविषयीचे ज्ञान नंतर येते.

होडीचा अनुभव स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगा आहे. उरणजवळ करंजा नावाचे मासेमारी बंदर आहे, त्यामुळे “गाव?” “कारंजा” एवढ्या संवादावर तांडेलाचा चेहरा खुलतो. “मंग तू घरचाच!” म्हणत तो विद्यार्थ्याला नाळीवर, म्हणजे होडीच्या सर्वांत उसळणाऱ्या टोकाला बसवतो. कंसातले ‘घाडगे’ सांगायला उसंत मिळत नाही. ज्याला एसटीत बाजारगावपर्यंत गाडी लागत नाही त्यालाही बोट लागते, आणि घरच्या पिशवीतील संत्र्याचे साल हुंगण्याचा उपाय किनारा दिसत असेपर्यंतच लागू पडतो.

“पोरा, आधी पोटातलं सांभाल. दर्यातलं मंग मोज.”

अशा अवस्थेत सेकीची चकती सोडायची असते. वीस सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची ही चकती दोरीने पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली टिपतात. पाणी किती गढूळ आहे ते त्यावरून कळते. 1865 साली अँजेलो सेकी यांनी ही पद्धत पोपच्या जहाजावरून वापरून पाहिली. सेकी धर्मगुरू होते आणि व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. आकाश पाहणाऱ्या माणसाने समुद्राचे मोजमाप शोधावे हे कारंज्याच्या विद्यार्थ्याला फार धीराचे वाटते. मात्र सेकींची गाठ पक्की असावी. नवशिक्याची सुटते, दोरी हातात राहते, आणि वहीत ‘चकती दिसेनाशी झाली’ अशी नोंद होते, जी अक्षरशः खरी असते. त्या दिवसाच्या बाटल्यांवरील चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिलेल्या असतात, म्हणून किनाऱ्याला लागेपर्यंत त्या कोऱ्या होतात. कागद पाण्यात असला तर शिसपेन्सिल वापरावी, हा या शास्त्रातील सर्वांत उपयुक्त सिद्धान्त आहे आणि तो फक्त असाच शिकता येतो.

परवानग्यांचा क्रम ठरलेला असतो. होडीच्या भाड्याचा प्रस्ताव दिवाळीत जातो. नाताळात त्यावर ‘तीन दरपत्रके जोडावीत’ असा शेरा पडतो. तांडेलाकडे दरपत्रक नसते, त्याच्याकडे होडी असते. लेटरहेड छापून आणण्यात होळी जाते, मार्चअखेर असल्यामुळे एप्रिल उजाडतो, आणि मंजुरीचे पत्र हातात पडते ते मेच्या शेवटच्या दिवशी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते. माशांनी निवांत अंडी घालावीत म्हणून केलेली ही योजना शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे, आणि तिचे समर्थन विद्यार्थ्यानेच गेल्या परिसंवादात हिरिरीने केलेले असते.

चिखलात मात्र विदर्भाचा मुलगा भाव खाऊन जातो. खाडीकाठच्या कांदळवनात, तिवरांच्या वर आलेल्या श्वासमुळांमधून चालायचे म्हणजे दर पावलाला गुडघ्यापर्यंत रुतायचे. मुंबईच्या मुलांचे गमबूट चिखल ठेवून घेतो. काळ्या कसदार जमिनीत, ऐन श्रावणात, सोयाबीनमध्ये डवरणी केलेल्याला पाय तिरपा काढायचा असतो हे सांगावे लागत नाही. दिल्लीच्या मुलीला बाहेर ओढून काढण्याचे मानाचे काम त्याला मिळते, आणि संस्थेच्या स्मरणिकेत त्याचा एकमेव फोटो त्या प्रसंगाचा असतो. त्यात तो पाठमोरा आहे.

याच कांदळवनात खेकडापालनाचे प्रयोग होतात. राज्याने 2012 साली कांदळवन कक्ष स्थापन केल्यापासून, तिवर न तोडता त्यातून उत्पन्न कसे काढायचे यासाठी खेकडे, कालवे, शिणाणे, शोभिवंत मासे असे बरेच काही करून पाहिले गेले; वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका तर पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. खेकड्यांविषयी मराठी समाजात एक गैरसमज आहे, की ते एकमेकांचे पाय ओढतात. ते पाय खातात. खेकड्याने कात टाकली की काही काळ तो मऊ असतो, आणि तेवढी संधी शेजाऱ्याला पुरते. म्हणून मऊ खेकडे तयार करताना प्रत्येकाला वेगळ्या खोक्यात ठेवतात. वसतिगृहात तिघांना एक खोली मिळालेल्या विद्यार्थ्याला हे पाहून थोडे वाईट वाटते.

‘शाश्वत’ हा विषय इथे सुरू होतो. जिताडा किंवा मोडसा समुद्रातील पिंजऱ्यात वाढवायचा (विशाखापट्टणमला 2007 साली देशातील पहिला असा पिंजरा टाकला गेला) तर त्याला खायला मासेच लागतात, आणि एक किलो मोठा मासा तयार करायला कित्येक किलो छोटे मासे खर्ची पडतात. पापलेटाचे उलटे आहे: त्याला पाळणे अजून फारसे जमलेले नाही आणि समुद्रात तो मोठा होण्याआधीच जाळ्यात येतो. 2023 साली पापलेटाला राज्यमासा म्हणून घोषित केले गेले. घोषणा करणारे तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री सुधीर मुनगंटीवार हे चंद्रपूरचे. विदर्भाचा समुद्राशी संबंध नाही असे म्हणणाऱ्यांना विद्यार्थी ही माहिती आवर्जून देतो.

कोळंबीचा इतिहास वाचायला घेतल्यावर तर त्याला घरची वाट जास्तच दिसू लागते. 1990 नंतर पूर्व किनाऱ्यावर वाघ्या कोळंबीची तळी भराभर खोदली गेली. परदेशी पैसा आला, पाठोपाठ पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तळी ओस पडू लागली. मधल्या काळात तळ्यांतील खारे, खाद्य कुजलेले पाणी शेजारच्या शेतांत आणि विहिरींत उतरले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले एस. जगन्नाथन हे तमिळनाडूचे सर्वोदयी कार्यकर्ते, विनोबांच्या भूदान चळवळीतले. विनोबांचे पवनार वर्धा जिल्ह्यात. न्यायालयाने किनाऱ्याची पाहणी करायला ज्या संस्थेला पाठवले ती ‘नीरी’, म्हणजे नागपूरचीच पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. 11 डिसेंबर 1996 च्या निकालाने किनारा नियमन क्षेत्रातील, पारंपरिक सोडून इतर तळी हटवण्याचा आदेश दिला, आणि 2005 मध्ये किनाऱ्यावरच्या मत्स्यसंवर्धनासाठी वेगळा कायदा आणि प्राधिकरण आले. इतक्यावर भागत नाही. शाश्वत विकासाची संकल्पना शोधत मागे मागे जावे, तर 1987 च्या ब्रुंटलँड अहवालाच्याही पलीकडे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा उभे असतात. त्यांचे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ 1945 चे, आणि त्यांची कर्मभूमी वर्ध्याची मगनवाडी. कुमारप्पा जन्मले तंजावरला, समुद्राच्या जवळ, आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार करायला वर्ध्याला आले. विद्यार्थी वर्ध्याहून त्याच कामासाठी समुद्राला आला. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ही देवाणघेवाण तो मोठ्या उत्साहाने लिहितो आणि गाईड ती लाल शाईने काढून टाकतात.

“हे सगळं ठीक. तुमचा रिसर्च गॅप काय?”

गॅप विचारावा लागत नाही, त्याच्या शिष्यवृत्तीच्या दोन हप्त्यांमध्ये तो असतोच. पण प्रबंधाला वेगळा लागतो, आणि तो शेवटी सापडतो रोहतकला. वर्सोव्याच्या संस्थेचे एक केंद्र हरियाणात रोहतकजवळ लाहलीला आहे. तिथे समुद्र नाही, पण जमिनीखालचे पाणी खारे आहे, पीक जळते, आणि त्या पाण्यात व्हेनामी कोळंबी वाढते. ही कोळंबी मूळची पॅसिफिकच्या पलीकडच्या किनाऱ्याची, भारतात 2009 मध्ये आली, आणि खारटपणाच्या बाबतीत बरीच समजूतदार आहे. तिला अडचण वेगळीच: अशा भूजलात पोटॅशियम समुद्राच्या मानाने फार कमी असते आणि त्याशिवाय तिला कात टाकणे जड जाते. तेव्हा तळ्यात पोटॅश टाकतात. ही माहिती फोनवर ऐकून वडील प्रथमच मुलाच्या विषयात रस घेतात.

“पोटॅश? संत्र्याले टाकतो तेच?”

“तेच.”

“मंग थे शिकाले तिकडं कायले गेलता?”

विद्यार्थी नकाशा उघडतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, ओलित केले तर जमीन बिघडते. दर्यापूर कारंज्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. सागरी परिसंस्थेच्या अभ्यासाला निघालेला माणूस, अरबी समुद्र हातचा असताना, अशा रीतीने पुन्हा महामार्गाने उलटा निघतो, सोबत रिफ्रॅक्टोमीटर आणि नवी सेकी चकती घेऊन. दर्यापूरकडचा शेतकरी आधी त्याला बोअरची जागा सांगणारा समजतो, मग विम्याचा.

इथे काम खरे कठीण आहे. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर, रात्रभर एरेटर, आणि एरेटरला लागणारी वीज. कृषिपंपाच्या वेळापत्रकाची कोळंबीला कल्पना नसते, आणि पहाटे तीनला प्राणवायू घसरला की सकाळपर्यंत ती वाट पाहत नाही. बीज आंध्र किंवा तमिळनाडूच्या हॅचरीतून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत आणावे लागते. सगळ्यात अवघड प्रश्न जगन्नाथन यांनी विचारला तोच: तळे रिकामे करताना ते खारे पाणी सोडायचे कुठे? शेतात सोडता येत नाही. ओढ्यात सोडले तर ते पूर्णेतून तापीला आणि तापीतून सुरतेकडे समुद्रात जाईल, पण वाटेत कितीक गावे आहेत. म्हणून तेच पाणी एका बाजूच्या तळ्यात निवळून पुन्हा वापरायचे, गाळ वेगळा काढायचा आणि पुढच्या पिकाला लागेल तेवढीच भर घालायची, अशी मांडणी विद्यार्थी करतो. प्रबंधाचे चौथे प्रकरण पूर्णपणे या सांडपाण्यावर आहे. ते गाईडनाही आवडते. त्यावर लाल शाई कमी आहे.

मधल्या काळात स्थळेही येतात. “मुलगा समुद्रात असतो” एवढ्यावर मर्चंट नेव्हीचा समज होऊन बोलणी वेगाने पुढे सरकतात, आणि “सध्या दर्यापूरला आहे” इथे अडकतात.

वेळापत्रकाचा मुद्दा राहिला. विदर्भात थंडी पुरती सरल्याशिवाय बीज सोडता येत नाही, कारण पाणी गार असले की व्हेनामी खात नाही आणि वाढत नाही. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये सोडावे, तर पीक 100 ते 120 दिवसांचे. काढणी त्यामुळे आषाढ संपता संपता किंवा थेट श्रावणात येते. समुद्रातील मासेमारी तेव्हा बंद असते किंवा नुकतीच सुरू होत असते, म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन येतो आणि भाव बरा मिळतो. अर्थशास्त्राच्या बाजूने हे उत्तम. मात्र पंचक्रोशीत कुणी एक किलो घेत नाही. तळ्याचा मालक, जाळे ओढणारे मजूर, वीज मंडळाचा वायरमन आणि पाहायला आलेले निम्मे गाव बांधावर उभे राहून कोळंबी मोजते, तिच्या मिशांबद्दल चर्चा करते, आणि मग साबुदाण्याची उसळ खायला घरी जाते. प्रबंधाच्या शिफारशींत शेवटून दुसऱ्या क्रमांकावर ‘स्थानिक बाजारपेठ विकसित करणे’ असे आहे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक त्यावर बोट ठेवतात.

“म्हणजे नेमके काय करणार?”

“अधिक महिना येईल तसं बघू, सर.”